राहीचा मेलेला पाय

राही धनगरणीशी ज्यानं एकदा भांडण काढलं त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. कराडच्या बाजूला एकदा एका मळेवाल्याच्या गड्यानं तिचं कोकरू कोंडवाड्यात घालायला ओढून नेलं. राही ढेकळांतून त्याच्या मागं पळाली, त्याला गाठलं, पाडलं आणि त्याच्याच काठीनं असा सडकला की बिचारा कोकरू सोडून बांधाबांधानं रांगत गेला. वाड्यावर परतली तेव्हा बाईला धाप लागली नव्हती. आणि वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे बरं का! धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं, शेळ्या, लादणीची घोडी, कुत्री, बायकापोरं आणि सांजेला मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. आज इथं, उद्या तिथं.

ही मंडळी आटपाडीच्या खालच्या अंगाच्या माळावरची. पावसाळा वस्तीवर काढायचा आणि दिवाळी झाली की भिवघाट चढून, विट्यावरून कराड-पाटणकडं मेंढरं घालायची. ज्याला चालता येतं तो वाड्याचा, ज्याला येत नाही तो वस्तीवर म्हाताऱ्याकोताऱ्यांत राहायचा. त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं. चालता न येणारं माणूस वाटेत घेऊन करणार काय?

राहीचा सासरा नाथाजी हा वाड्याचा कारभारी. सासू भामाबाई. नवरा गुंडा, अंगानं दांडगा, डोक्यानं तापट, पण मेंढरांच्या दुखण्यात त्याचा हात धरणारा त्या माळावर कुणी नव्हता. मेंढरू लंगडायला लागलं की हा लोखंडाची सळई लाल करायचा आणि सांध्यावर चर्रकन ओढायचा. चार दिवसांत मेंढरू पाय टेकायचं. आता टेकंल नाही तर काय करंल? न टेकलं तर पुन्हा सळई आहेच, हे मेंढराला कळत नसंल असं समजू नका.

बेचाळीसच्या धरपकडीनंतरच्या श्रावणात राही बाळंत व्हायला बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली. त्या वस्तीवर आढ्याला दोर बांधायचा, बाईनं तो धरून उकिडवं बसायचं आणि दोघींनी दोन बाजूंनी तिचे गुडघे फाकवून दाबून धरायचे, अशी रीत होती. मेंढी उभ्यानं विते, बाई उकिडवी विते, असं सुईण रंगुबाई सांगायची. पहिलटकरीण, पोर आडून राहिलेलं. पहाटे बसवलेली राही दिवस कलला तरी बसलेलीच. उजव्या गुडघ्यावर सासू सगळ्या अंगाचा भार टाकून होती, डाव्यावर जाऊ सुला.

"आत्याबाई, उजवा पाय मेलाय वो माजा, जरा सोडा!" राही ओरडली.

"सोडला तर प्वार गुदमरंल! कळ काढ, रांडं!" समोर बसलेली रंगुबाई खेकसली.

राहीनं रंगुबाईच्या मनगटाचा लचका तोडला. रंगुबाईनं तिच्या थोबाडीत दिली. दोर रक्तानं चिकट झाला, राहीच्या तळहाताची सालपटं निघाली, आणि दिवस मावळता मावळता पोर बाहेर आलं. निळं पडलेलं. रंगुबाईनं त्याला पाय धरून उलटं टांगलं आणि पाठीत असे दणके दिले की ते गावभर ऐकू जाईल असं केकाटलं. मुलगा. सगळ्यांनी हसून घेतलं. राहीसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर जायला उठली आणि तोंडावर पडली. उजवं पाऊल वर येईना. पाय मांडीपासून उचलायचा, गुडघ्यात वाकायचा, पण घोट्याच्या पुढं पाऊल नुसतं लोंबायचं. बोटं जमिनीला घासायची. पावलाच्या वरच्या अंगाला चिमटा काढला तरी तिला कळत नव्हतं. ती तशीच उंबऱ्यावर बसली, पावलाला नखं लावत राहिली आणि भीतीनं तिला घाम फुटला.

गुंडानं पाऊल हातात घेऊन मेंढराचं बघतो तसं उलटसुलट केलं. "वारं बसलंय," म्हणाला. "डागली की जातंय."

राहीनं नाही म्हटलं नाही. हे लक्षात घ्या. तिचाही नवऱ्याच्या हातावर विश्वास होता, तिनंच किती मेंढरं त्याच्यासाठी दाबून धरली होती! तिनं पदराचा बोळा दातांत धरला आणि पाय पुढं केला. सुलाला पाऊल धरायला बसवलं. सुला कोवळी पोर, नवरा रजा संपवून पलटणीत परत गेलेला, तिलाही नुकतेच दिवस राहिलेले. सळई पावलावर टेकली. कातडं करपल्याचा वास राहीच्या नाकात गेला, पण चटका काही लागला नाही. सुला मात्र तोंड दाबून ओकायला पळाली.

"आवं, मला कायबी कळलं न्हाई," राही म्हणाली.

मग गुंडानं नडगीवर ओढली. तेही कळलं नाही. मांडीवर ओढली तेव्हा राहीनं अशी किंकाळी फोडली की कुत्री भुंकायला लागली. गुंडानं मान डोलावली. "बघा, वर जित्तं हाय. वारं खाली दडी मारून बसलंय. आनी डागाय पायजे."

झालं! ज्या ठिकाणी तिला कळत नव्हतं त्या ठिकाणी तो पुन्हा डागणार, आणि कळत नव्हतं म्हणून पुन्हा. मेंढराला कळतं म्हणून ते पाय टेकतं, राहीला कळतच नव्हतं तर ती टेकणार कशी? पण हा विचार त्या वस्तीवर कुणाच्या डोक्यात आला नाही. जखमा चिघळल्या, त्यांत पू झाला, माश्या बसायला लागल्या. अंगावर पिणारं पोर एका हातात आणि दुसऱ्या हातानं माश्या हाकायच्या.

गणपती झाले तशी भामाबाईनं विषय काढला. तिच्या बोलण्यात वैर नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "राहे, दिवाळीला वाडा हालंल. तू हितं ऱ्हा. पोराला आमी घिऊन जातो, शेळीच्या दुदावर वाढंल. नातू वाड्यावरच वाढाय पायजे. आन गुंडाच्या हाताखाली बाई पायजे, माज्या भावाची लेक हाय, तिला बघू."

"पोरगं न्यायचं तर माजी मान मुरगाळून न्या," राही म्हणाली.

"आगं, चालता येईना तुला!"

"दिवाळीला चालतीय का न्हाई बघा."

भामाबाईनं पोराला उचलायला हात पुढं केला, तर राहीनं बसल्या जागेवरनं पाण्याचा तांब्या फेकून मारला. भामाबाईच्या कपाळाला खोक पडली. सांजेला गुंडा आला, आईचं रक्त बघितलं आणि चाबूक घेऊन राहीवर तुटून पडला. तिनं पोराला पोटाखाली घेतलं, पाठ वर केली आणि सगळे फटके पाठीवर झेलले. नाथाजीनं येऊन लेकाचा हात धरला म्हणून थांबला, नाही तर थांबणारा नव्हता तो मेला! पण दुसऱ्या दिवसापासून दिवाळी हीच तिची मुदत ठरली. चालली तर पोर तिचं, नाही तर पोर घोड्यावर आणि ती वस्तीवर.

राहीचा थोरला भाऊ आकाराम हे ऐकून गाडी जुंपून आला. पायाला पू बघून त्यानं गुंडाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, आणि बहिणीला पोरासकट गाडीत घातलं. ढालगावला छोट्या आगगाडीत बसवून तिला मिरजेच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरनं जखमा धुतल्या, पावलावर पीस फिरवलं, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोटानं दाबून विचारलं, "बाळंतपणात कशी बसली होतीस?"

राहीनं बसून दाखवलं.

"इथून शीर जाते. इतका वेळ उकिडवं बसून, वरून दाबून ती चेंगरलीय. तुटलेली नाही. येईल हळूहळू परत. पावलाला पट्टा लावून वर ओढून धर, म्हणजे बोटं घासणार नाहीत. रोज चाल. आणि पुन्हा डागू देऊ नकोस, पाऊल कुजलं तर कापावं लागेल."

"दिवाळीपातूर येईल का?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाला. खरं बोलला, पण राहीला त्याचा रागच आला.

वस्तीवर परत आल्यावर आकारामनं हे सगळं गुंडाला सांगितलं. गुंडा हसला. "डाक्टरनं कवा मेंढरं राखल्यात?"

राहीनं लोकरीची दोरी वळली, पावलाखालून घेतली आणि गुडघ्याखाली आवळून बांधली. पाऊल ओढून वर आलं. पोराला पाठीला बांधलं, काठी घेतली आणि माळावर चालायला लागली. पडायची. तोंड फुटायचं, दात ओठात रुतायचे, गुडघ्यांच्या खपल्या निघायच्या, पण पडताना पुढंच पडायची, पाठीवर पोर म्हणून. दोरी कातड्यात रुतून घोट्याला व्रण पडला. वस्तीवरची पोरं "लंगडी मेंढी, लंगडी मेंढी" करत मागं लागली तर तिनं दगड भिरकावला आणि एकाचा कान फोडला. त्याची आई भांडायला आली, तिच्या झिंज्या धरल्या. कुणाचं ऐकून घ्यायला तिला सवडच नव्हती! रोज थोडं लांब, रोज थोडं चढावर. सांजेला पोराला पाजताना ती पावलाकडं बघून त्याला शिव्या द्यायची. "हाल की रं मुडद्या! हाल!"

दसऱ्यानंतर पावलात मुंग्या आल्या. आधी तिला वाटलं खरंच मुंग्या चढल्या, म्हणून झटकायला गेली. मग आतून सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. एका दुपारी ती आणि सुला दोघी लोकर पिंजत बसल्या होत्या, आणि राहीच्या उजव्या पायाचा अंगठा वर आला. जरासा, तांदळाएवढा. पुन्हा आला.

"आक्का, हालला!" सुला ओरडली.

राहीनं तिचं तोंड दाबलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. "बोलू नगंस कुनाला. चालूनच दावते."

पण गुंडाला धीर होता कुठं? दिवाळी तोंडावर आली, आईची भुणभुण चालू, आणि बायको दोरीनं पाय बांधून गावभर तमाशा करतेय, लोक हसतायत. माळावरच्या सगळ्या मेंढरांना बरं करणाऱ्याला स्वतःच्या बायकोचा पाय बरा करता येत नाही, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. वसुबारसेला सकाळी तो चुलत्याच्या दोन पोरांना घेऊन आला. हातात सळई, टोक लाल.

"आवं, आता डागू नगा! पाय जागा झालाय, अंगठा हालतुया!"

"डाग चुकवाय खोटं बोलतीस व्हय?" गुंडानं इळ्यानं तिची दोरी कापून फेकली. "धरा रं!"

ती जनावरासारखी झुंजली. एकाच्या तोंडावर माती मारली, दुसऱ्याचं बोट चावलं. शेवटी दोघं तिच्या खांद्यांवर बसले आणि सुलाला पाऊल धरायला लावलं. सुला रडत होती, "भावजी, खरंच हालतुया, म्या बगितलंय," पण तिचं कोण ऐकतंय? सळई पावलावर टेकली.

या वेळी राहीला कळलं. असं कळलं की ती उभ्या जन्मात विसरली नाही. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाळंतपणातही निघाला नव्हता. पाऊल ताडकन वर आलं, पाय सुलाच्या हातांतून सुटला आणि टाच गुंडाच्या तोंडावर बसली. गुंडा मागं कोलमडला. उठून बसला तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं आणि पुढचा दात हातात होता. आणि तो हसत होता!

"आला! पाय आला!" रक्त थुंकत तो ओरडला. "लोकंडानं आला! म्या सांगत हुतो का न्हाई?"

सगळी वस्ती गोळा झाली. गुंडानं ज्याला त्याला दात दाखवला, राहीच्या पायाची लाथ किती जोराची ते सांगितलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. राही तशीच मातीत पडून होती. सुलानं तिच्या पावलावर कोरफडीचा गर लावला आणि तिची नजर चुकवत राहिली.

दिवाळी झाली. वाडा हलायच्या दिवशी सकाळी घोडी लादली, बिरोबापुढं नारळ फुटला, आणि नाथाजीनं विचारलं, "राहीचं काय?"

राही पायाला फडकं गुंडाळून, काठीशिवाय, नवी दोरी बांधून सगळ्यांच्या देखत ओढ्यापर्यंत गेली आणि परत आली. पाऊल अजून जमिनीवर फटफट आपटत होतं, पण घासत नव्हतं. पोर भामाबाईच्या कडेवर होतं. भामाबाईनं ते सोडलं नव्हतं.

"येऊ दे," नाथाजी म्हणाला.

इथं गप्प बसला असता तर तो गुंडा कसला! शेजारच्या वस्तीची माणसं निरोप द्यायला आली होती, तो त्यांच्यापुढं छाती काढून उभा राहिला. "राहे, सांग समद्यास्नी, कशानं बरी झालीस. आनी हे बगा, आमच्या सुलीचं बाळातपन वाटंवरच हुनार. तिचा पाय ग्येला तर सळई घोड्यावर हायच. तिला पयल्याच दिवशी डागतो, म्हंजी रेंगाळायचं काम न्हाई."

सुलाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दोन्ही हात पोटावर धरले.

भामाबाई राहीच्या कानाशी लागली. पोर तिच्या कडेवर, राहीच्या हाताच्या अंतरावर. "व्हय म्हन आन चल. चारचौघांत नवऱ्याचं नाक राख. न्हाई म्हनलीस तर त्यो तुला हितंच टाकून जाईल, मला त्याचा सोबाव ठावं हाय."

राहीलाही ठाऊक होता. एक शब्द, व्हय म्हटलं की पोर पाठीवर आणि पाय वाटेला. त्याच्यासाठीच तर तिनं तोंड फोडून घेतलं होतं. तिनं पोराकडं बघितलं, मग सुलाकडं. आणि तिला राग आवरला नाही. तिनं पायाचं फडकं सोडलं आणि पाऊल सगळ्यांपुढं धरलं.

"ह्यो पैला डाग, मला कळला न्हाई. ह्यो दुसरा, ह्योबी न्हाई. ह्यो पू झाल्याला. आन ह्यो वसुबारसेचा, ह्यो कळला, कारन पाय त्याच्याआदीच जागा झाला हुता! लोकंडानं न्हाई झाला. म्या चालले, पडले, तवा झाला. ह्यानं मला नुस्ती भाजली!"

"खोटारडे!" गुंडा गरजला. "मंग ऱ्हा हितंच! प्वार घोड्यावर घाल, आई!"

"भावजी, ती खरं बोलतीया." बोलली ती सुला. कधी मान वर न करणारी पोर, आवाज चिरकत होता. "अंगटा आदीच हालला. म्या डोळ्यांनी बगितलं. धरताना तुमास्नी सांगितलंबी." असं म्हणून ती घोड्याजवळ गेली, लादणीतून सळई उपसली आणि वस्तीच्या विहिरीत फेकून दिली.

गुंडा तिच्या अंगावर धावला. पोटुशी बाई, पण त्याला काही दिसत नव्हतं. राही मधे आली. तिनं निरोप द्यायला आलेल्या एकाच्या हातातली काठी हिसकून गुंडाच्या उगारलेल्या मनगटावर अशी मारली की हाड वाजल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तो खाली बसला. ती काठी उगारूनच उभी राहिली. "तिला हात लावला तर टकुरं फोडीन! मला टाकायचं असंल तर टाका, पन माजं प्वार माज्याकडं द्या आन मंग टाका. म्या एकली चालीन. तुमच्या वाड्याच्या पुढनं चालीन!"

गुंडा मनगट धरून कण्हत होता. मग नाथाजी पुढं झाला. लेकाकडं बघितलं, राहीच्या पावलाकडं बराच वेळ बघितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं पागोट्याच्या शेवानं पुसलं.

"भामे, ज्याचं प्वार त्याला दे," तो म्हणाला. "आन मेंढरं हाला. ऊन चडाय लागलं."

भामाबाईनं पोर राहीच्या हातात दिलं. राहीनं ते पाठीला घट्ट बांधलं आणि चालायला लागली. सुला तिच्याबरोबर निघाली. भिवघाटाच्या चढाला राहीच्या डागातून रक्त यायला लागलं आणि दोरी लाल झाली, तरी तिनं चाल मोडली नाही.

घाटमाथ्यावर गुंडा मागून आला. मनगटाला धोतराचा धडपा बांधलेला, सुजून टम्म झालेलं. तिच्या बाजूनं चालायला लागला. तिच्या पावलाकडं बघायचा, नजर काढायचा, पुन्हा बघायचा. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, आणि एवढ्या महिन्यांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"लय दुकतंय का गं?"

राहीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "दुकतंय," ती म्हणाली. "बोटापातूर दुकतंय." आणि तिला इतका आनंद झाला की ती भर वाटेत मोठ्यानं रडायला लागली, पण थांबली नाही.